मास्तरांचं आडवं कपाट

“मापं मी देतो. तुम्ही फक्त करवत चालवा,” असं मास्तरांनी सुतारमिस्त्रींना सांगितलं, तेव्हाच वहिनींनी मध्ये पडायला हवं होतं. पण एकोणीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा स्वतःचं कपाट येणार म्हटल्यावर माणूस जरा गाफील राहतो. आजवर त्यांचे कपडे पत्र्याच्या पेटीत, पेटी पलंगाखाली, आणि पेटीतलं काही हवं असेल तर वहिनी जमिनीवर पालथ्या.

मास्तर, म्हणजे वहिनींचे यजमान, सव्वीस वर्षं सातवीला गणित शिकवत होते. त्यांनी माप काढलं. छत आठ फूट एक इंच, तेव्हा कपाट आठ फूट उंच आणि पुढून मागे अठ्ठावीस इंच.

“वर वीतभर जागा सोडू,” मिस्त्री म्हणाले.

“धूळ बसायला?”

“मग वरचा खण वेगळा करू. खालचं उभं केलं की वर चढवू.”

“एकसंध हवं. तुमचा अंदाज तुमच्यापाशी, माझं गणित माझ्यापाशी.”

मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. झोपायच्या खोलीत चार दिवस ठोकठोक करून त्यांनी कपाट जमिनीवर आडवं तयार केलं. पाचव्या दिवशी वहिनींनी पेटी रिकामी करून कपड्यांचे ढीग पलंगावर मांडले, आणि तिघं कपाट उभं करायला लागले.

अर्धं उठलं. पाऊण उठलं. मग वरचा कोपरा छताला भिडला.

“ढकला!” मास्तर ओरडले.

ढकललं. छताचे पोपडे सुटले ते थेट वहिनींच्या डोक्यावर.

“मिस्त्री, मापात मारलंत तुम्ही,” मास्तर कडाडले. “आठ फुटांचं कपाट या छताखाली उभं राहत नाही म्हणजे काय?”

“उभं राहील की. उभं होत नाही.”

दारात मुलगी येऊन थांबली होती. ती सातवीत, बापाच्याच वर्गात. कर्ण काढायला चुकली म्हणून कालच बापाने तेच गणित तिच्याकडून वीस वेळा लिहून घेतलं होतं, आणि तेव्हापासून तिचे गाल फुगलेलेच होते.

“बाबा, उचलताना कपाटाचा कर्ण वर जातो,” ती थंडपणे म्हणाली. “अठ्ठावीस आणि शहाण्णवचा. सात, चोवीस, पंचवीसची चौपट. शंभर इंच. छत सत्त्याण्णव.”

मिस्त्री खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

“तूर्त आडवंच राहू दे,” मास्तर घसा खाकरत म्हणाले. “दारं वर उघडतील. काय बिघडलं?”

“त्याला पेटी म्हणतात,” वहिनी म्हणाल्या. “ती माझ्याकडे आहे.”

त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मिस्त्रींनी न सांगता करवत उचलली.

“तीन इंच कापा,” मास्तर म्हणाले. “शंभर वजा सत्त्याण्णव.”

“चार,” मिस्त्री म्हणाले.

“तीन म्हटलं ना!”

खालून तीन इंच कापले, कपाट उचललं, आणि ते पुन्हा अडकलं. एवढ्याशा, सुताच्या जाडीएवढ्या फरकाने. पुन्हा पोपडे, पुन्हा त्याच डोक्यावर.

“उंचीतून तीन गेले म्हणून कर्णातून तीन जात नाहीत, बाबा,” दारातून आवाज आला.

वहिनींनी मास्तरांचा दंड धरला, त्यांना बाहेरच्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं आणि परत येऊन आतून कडी घातली.

“मिस्त्री, आता तुमच्या अंदाजाने.”

मास्तरांनी बाहेरून दोन सूचना केल्या, तिसरी करेपर्यंत कपाट उभं होतं. वहिनींनी कपडे लावले, दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. तेवढ्यापुरता राग उतरला.

पुढच्या आठवड्यात मुलीने चाचणीचा पेपर सहीसाठी आणला. पहिलाच प्रश्न होता, “एका अडाणी सुताराने ९६ इंच उंच कपाट केले...” मुलीचं उत्तर बरोबर होतं. खाली तिने लिहिलं होतं, “सुतार अडाणी नव्हता. त्याला माप दुसऱ्याने दिले होते.” त्या ओळीवर लाल रेघ, आणि अर्धा गुण कापलेला.

“आई, इथे सही,” मुलीने पालकांची जागा दाखवली.

वहिनींनी पेन घेतलं आणि लाल रेघेच्या शेजारी लिहिलं, “हे खरे आहे. मी तिथे होते.” त्याखाली पूर्ण नावाने सही केली.

“आता हा पेपर कोणाला द्यायचा असतो?”

“वर्गशिक्षकांना.”

“मग दे जा. बाहेरच्या खोलीत बसलेत.”