लाल ठिपका आणि उकडीचे मोदक

रविवारी सकाळी, म्हणजे ओमानातल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, कौशिक बिवलकर कारखान्यात शिरला आणि दारातच त्याचा चेहरा पडला. स्वागतकक्षातल्या टीव्हीवरचा तिसरा ठिपका अजून लालच होता. गेल्या आठवड्यापेक्षा जरा जास्तच लाल, असंही त्याला वाटलं.

सोहारच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना ॲल्युमिनियमच्या शिड्या बनवायचा. मालक बेल्जियमचे, मुख्य ऑफिस ब्रसेल्सला. युरोपने दोन हजार तीस सालापर्यंत आपल्या लोकांसाठी काही सामाजिक उद्दिष्टं ठरवली आहेत, कामाची, शिक्षणाची, गरिबी हटवण्याची. मालकांना ती इतकी आवडली की त्यांनी ती जगभरच्या आपल्या कारखान्यांना लावून टाकली. प्रगती रोज दिसावी म्हणून भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर तीन ठिपके. सुरक्षिततेचा हिरवा, रजांचा पिवळा. शिक्षणाचा मात्र लाल. शंभर माणसांतल्या साठांनी वर्षभरात काहीतरी नवं शिकलं पाहिजे, असा तो नियम होता, आणि ते मोजायची जबाबदारी एचआर मॅनेजर म्हणून कौशिकच्या गळ्यात होती.

"कौशिक, ये लाल क्यों?" कारखान्याचे प्रमुख अमीन साहेब मागे येऊन उभे राहिले. डोक्यावर कुम्मा, म्हणजे गोल ओमानी टोपी, हातात कहव्याचा छोटा कप. "ब्रसेल्स में सब देखते हैं. इस हफ्ते ग्रीन, खलास."

"इन्शाल्ला, सर."

"इन्शाल्ला मैं बोलूंगा. तुम करो."

आता करायचं काय? शिफ्ट संपली की माणसं कामगारांच्या कॅम्पवर, आपल्या खोल्यांत जाऊन भात टाकणार, घरी फोन लावणार आणि आडवी होणार. कौशिकने गेल्या वर्षी 'वेळेचं नियोजन' या विषयावर वर्ग ठेवला होता. वेळ नाही म्हणून कोणीच आलं नव्हतं.

संध्याकाळी घरी वेगळाच ठिपका पेटला होता. त्याची बायको नयना लॅपटॉप उघडून बसली होती. लग्नानंतरही ती पुण्यात पॉलिटेक्निकमध्ये यंत्रांची ड्रॉइंग्ज शिकवायची. कौशिकला सोहारला नोकरी लागली, उर्वी लहान होती, म्हणून ती नोकरी सोडून इकडे आली. त्याला आता बरीच वर्षं झाली.

"कॉलेजची मेल आलीय," ती म्हणाली. "जूनपासून या म्हणतात. गुरुवारपर्यंत कळवायचंय."

"आणि उर्वीची शाळा?"

"तिला घेऊन जाईन."

"आणि मी?"

"तू तुझे ठिपके मोजायला मोकळा." ती हे हसून म्हणाली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "मी काय हौसेने चाललेय का रे? मागच्या वर्षी तुला म्हटलं होतं, तुमच्या कामगारांना ड्रॉइंग वाचायला शिकवते. तू काय म्हणालास?"

तो काय म्हणाला होता ते त्याला चांगलं आठवत होतं. 'अगं, त्या सगळ्या पुरुषांत तू कुठे!' असं म्हणून त्याने चहा मागितला होता.

"बघू," तो म्हणाला. 'बघू' हा कौशिकचा हुकमाचा शब्द. आजवर त्या शब्दाने त्याला काहीही दिसलेलं नव्हतं.

बायको आणि मुलगी जूनमध्ये विमानात बसणार होत्या. पण अमीन साहेबांचा ठिपका जूनपर्यंत थांबणार नव्हता. दुसऱ्या दिवशी तो थेट कॅम्पवर गेला. संगमेश्वरचा वेल्डर रमण तिथे मच्छी साफ करत बसला होता.

"रमण, वर्षभरात तुम्ही लोक नवीन काय शिकलात? काहीही सांग."

रमणने सुरी बाजूला ठेवली. "मोदक शिकलो, साहेब."

"मोदक?"

"गणपतीत. बायका नायत ना इथं. मंग मीच सगळ्यांना बसवला आणि शिकवला. आपली पोरं तर होतीच, ते केरळचे आले, बिहारचे आले. उकड काढायची, पारी करायची, कळ्या पाडायच्या. आता झकास करतात सगळे. बाप्पा पण खूश."

"किती जण होते?"

"अख्खा कॅम्पच की."

कौशिक ऑफिसात परतला तो जवळजवळ उड्या मारतच. खोटं बोलायचं नाही, एवढं तो स्वतःला बजावत होता. माणसं शिकली होती, हे खरं. हाताने शिकली होती, हेही खरं. फक्त 'मोदक' हा शब्द ब्रसेल्सला झेपणार नाही, म्हणून त्याने जरा इस्त्री केलेली इंग्रजी वापरली आणि लिहिलं, 'प्रिसिजन थिन-शेल फॉर्मिंग, मॅन्युअल.' म्हणजे पातळ कवचाला हाताने अचूक आकार देणे. बटण दाबलं. ठिपका हिरवागार झाला.

अमीन साहेबांनी त्याला कहवा पाजला आणि वर खजूरही दिले. कौशिकला वाटलं, सुटलो. तो सुटला नव्हता, कारण मंगळवारी सकाळी मेल आली. ब्रसेल्सहून उद्दिष्टांचं काम बघणाऱ्या तस्नीम बाई दुबईपर्यंत आल्याच होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'पातळ पत्रा वाकवताना कड फाटते, ही आपल्या सगळ्या कारखान्यांची डोकेदुखी आहे. तुमच्या माणसांनी हे हाताने साधलं, हे वाचून थक्क झाले. बुधवारी येते. प्रात्यक्षिक बघायचं आहे.'

कौशिक धावतच रमणकडे गेला.

"रमण, पत्र्याचा मोदक होईल का?"

रमणने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू साहेबांना ऊन लागलंय. "पत्र्याचा?"

"अगदी पातळ घे. कळ्या पाड."

साहेबांचा हुकूम म्हणून रमणने पातळ पत्र्याची चकती कापली आणि पक्कड घेऊन बसला. पहिली कळी पडली, दुसरी पडली, तिसऱ्या कळीला पत्रा टर्रकन फाटला. त्याने तो कौशिकच्या टेबलावर आणून ठेवला. वेडावाकडा, दात विचकलेला तो मोदक बाप्पाने पाहिला असता तर उंदरावरून उतरून चालत गेला असता.

"नाय व्हायचा, साहेब. ह्याला उकड लागते."

शेवटी कौशिकने तो पिशवीत घालून घरी आणला आणि नयनासमोर सगळं ओकून टाकलं. ती आधी हसली. इतकी हसली की आतून उर्वी विचारायला आली, "आई, व्हॉट हॅपन्ड? बाबा जोक सांगतो?" मग नयनाने हसू आवरलं.

"म्हणजे मोदकाला तू शिक्षण धरलंस," ती म्हणाली, "आणि मी शिकवते म्हटलं तर मी पुरुषांत कुठे?"

कौशिक खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "त्या वेळीही आणि आत्ताही."

नयनाने त्याच्याकडे बघितलं. फाटलेला तो पत्र्याचा मोदक तिने हातात घेतला, उलटा केला, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. बऱ्याच वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर वर्गात जायच्या आधीची ती जुनी लकाकी आली. "उद्या मी येते. तांदळाची पिठी आहे घरात, नारळ आणि गूळ तू आण. पण एक सांगते, मी खोटं बोलणार नाही."

बुधवारी कॅन्टीनमध्ये टेबलं जोडली. तस्नीम बाई आल्या. ब्रसेल्सच्या, मूळच्या मोरोक्कोकडच्या. अमीन साहेबांशी त्या फर्ड्या अरबीत बोलत होत्या, त्यामुळे कौशिकला काहीच कळत नव्हतं आणि भीती दुप्पट वाटत होती. त्यांची नजर यंत्र शोधत होती. यंत्र नव्हतं. पातेल्यात गरम उकड होती.

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

कौशिकने तोंड उघडलं. नयनाच आधी बोलली. "मोदक, मॅडम. आमच्या गणपतीचा नैवेद्य. यांनी लिहिलं ते हेच."

अमीन साहेबांचा कहव्याचा कप हवेतच राहिला. आता आपली नोकरी कुठल्या विमानाने जाणार, एवढाच प्रश्न कौशिकसमोर उरला होता.

पण नयना थांबली नव्हती. "रमण, एक पारी कर. आणि कळी मुद्दाम टोकदार चिमटून ओढ." रमणने ओढली. पारी फाटली. तिने शेजारी पत्र्याचा मोदक ठेवला. "बघा, दोन्ही एकाच जागी फाटले. का?"

मग एक जण म्हणाला, "ताणलं म्हणून."

"बरोबर. घडीच्या बाहेरच्या बाजूला माल ताणला जातो. घडी जितकी टोकदार, तितका ताण जास्त. आता बोट गोल ठेवून वळव." रमणने वळवली. कळी अलगद बसली. नयनाने भिंतीवर शिडीच्या पायरीचं ड्रॉइंग चिकटवलं. "ही वळणाची रेघ बघा. तिच्याजवळ हा आकडा कशाला लिहिलाय, सांगा."

"मॅडम, किती गोल वाकवायचं त्याचा आकडा! म्हणजे ती पायरीची कड..." रमण उभाच राहिला. "ती आपण टोकदार वाकवतो! म्हणून फाटते!"

मग एकच कालवा झाला. केरळचे, बिहारचे, कोकणातले, सगळे ड्रॉइंगभोवती गोळा झाले. हा आकडा काय, ती तुटक रेघ कशाची? शिफ्टचा भोंगा वाजला, कोणी हललं नाही. अमीन साहेब ओरडले, "यल्ला, यल्ला, काम!" आणि लगेच स्वतःच पुढे सरकून म्हणाले, "एक मिनट. ये वाला नंबर क्या है?"

तस्नीम बाई कोपऱ्यात बसून हे बघत होत्या आणि मोदक खात होत्या. तिसरा संपवून त्यांनी कौशिकला बोलावलं.

"तुम्ही जे लिहिलं ते मी खोडते आहे."

"हो, मॅडम."

"आज जे झालं ते मात्र शिक्षण आहे. या बाई कारखान्यात कोणत्या पदावर आहेत?"

"त्या... माझी बायको आहे."

"ते पद नाही," तस्नीम बाई म्हणाल्या.

त्या दिवशी ठिपका पुन्हा लाल झाला आणि कौशिकला लेखी ताकीद मिळाली, नयनाला मात्र कारखान्यात शिकवायची नोकरी. गुरुवारी नयनाने पुण्याला नकार कळवला. अमीन साहेबांनी तिचा कामाचा व्हिसा करून घेतला, आणि रोज शिफ्ट संपल्यावर कॅन्टीनमध्ये तिचा वर्ग सुरू झाला. जूनमध्ये कोणीही विमानात बसलं नाही. कौशिक त्या महिन्यात इतका खूश होता की त्याने घरी दोनदा आपणहून भांडी घासली.

ठिपका हळूहळू लालाचा पिवळा झाला. वर्ष संपत आलं आणि तो तिथेच अडून बसला. हिरवा व्हायला फक्त एक माणूस कमी होता. नयना फाइल घेऊन कौशिकच्या केबिनमध्ये आली.

"एचआर मॅनेजरचं नाव यात कुठेच नाही," ती म्हणाली. "वर्षभरात तुम्ही काय शिकलात?"

ऑफिसात ती त्याला 'तुम्ही' म्हणायची, आणि त्याला ते ऐकून दर वेळी घाम फुटायचा.

"मोदक शिकलो की! रमणने शिकवला. परवाच मी केलेला एक अजिबात फुटला नाही." त्याने आवाज खाली आणला. "धर ना गं. एकच तर माणूस हवाय."

"मोदकाला शिक्षण धरत नाहीत, साहेब," नयना म्हणाली. "उद्या वर्गाला या. येताना पेन्सिल आणा."

रात्री जेवण झाल्यावर त्याने मुकाट्याने उर्वीच्या कंपासपेटीतली पेन्सिल मागितली. तिने ती टोक काढून दिली आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाली, "बाबा, घाबरू नको. आई फार मारत नाही."