तलावातली तोंडी परीक्षा

आमच्या गावचे सोमाजी, सगळ्यांचे आबाजी, स्वतः दुसरीपर्यंत शिकले आणि माझ्याआधी त्यांनी विद्यापीठाची सतरा पोरं नापास केली. अठरावी मी.

परीक्षा केंद्र म्हणजे गावचा तलाव. लाखांदूरहून येणाऱ्या एसटीतून उतरलं की धानाच्या बांध्यांपलीकडे त्याची मातीची पाळ दिसते. एम.एस्सी.ची पोरं पाणवनस्पतींची नोंद करायला वह्या घेऊन यायची, तेव्हा आबाजी पाळीवर बसलेलेच असायचे.

"कोठून आले?"

"विद्यापीठातून, बाबा."

"मंग उतरा पाण्यात."

गुडघाभर पाण्यात उभं करायचं, डोळे मिटायला लावायचे आणि हातात एखादं ओलं पान नाही तर मूळ द्यायचं. "सांग, काय होय?" पोरगं चाचपडायचं. एकानं धीर करून लॅटिन नाव घेतलं. आबाजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थे तिचं सासरचं नाव असन. माहेरचं सांग."

मग निकाल. तो नेहमी एकच. "बसा. पुढच्या साली या."

मी बी.एस्सी. झाले तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. आमच्यासारख्यांच्या पोरींना परवडेल असं सरकारी विद्यापीठ होतं म्हणून मी शिकले, हे मी कुणापुढंही मान ताठ ठेवून सांगते. आबाजींनी पेढा तोंडात टाकला. "पदवी भेटली? लय चांगलं झालं. आता अभ्यास कर."

त्यांचा राग पोरांवर नव्हता, तलावाच्या हालावर होता. आम्ही ढिवर, मासे धरणारे. तलाव हीच आमची शेती. पण पाण्यात बेशरमची झाडी माजली आणि मासळीला आडोसा देणाऱ्या जुन्या वनस्पती गेल्या. त्यांच्यामागं मरळ गेली, वाम गेली. टोपली घेऊन तलावात उतरणाऱ्या आमच्या बाया दुसऱ्यांच्या बांधीत मजुरीनं धान रोवायला जायला लागल्या. माझी मायही.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी हाच तलाव घेतला. पाहणीला आमच्या मॅडम आल्या. आबाजींनी त्यांनाही सोडलं नाही. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, डोळे मिटून मॅडम पाण्यात उभ्या राहिल्या, आणि मी पाळीवर उभी राहून लाजेनं मरत होते. हातात रोप आलं. मॅडम म्हणाल्या, "धान."

"धान नाही, देवधान. हे कोणी पेरत नाही, आपल्या मनानं येते. बसा. पुढच्या साली या."

मॅडम पुढच्या साली नाही, पुढच्या रविवारी आल्या. कोरी वही घेऊन. नंतर त्यांनी आबाजींनाच विद्यापीठात शिकवायला बोलावलं.

नागपूरच्या एसटीत आबाजी चार गावच्या तलावांतल्या ओल्या पाणवनस्पतींनी भरलेलं पोतं घेऊन चढले. खालून पाणी गळत होतं. कंडक्टर भडकला. "ओ बुढेबाबा, काय गा आहे हे पोत्यात?"

"अभ्यासक्रम होय," आबाजी म्हणाले आणि पोतं खिडकीजवळ ठेवलं.

वर्गात ते शिरले तशी सगळी मुलं उभी राहिली. आबाजी दारातच थबकले. मला हळूच म्हणाले, "हे सारे कोठी चालले वं?" उभं राहणं त्यांच्याच मानासाठी आहे हे सांगितल्यावर खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी उगाच तोंड पुसलं. पण हा हळवेपणा दोनच मिनिटं टिकला. अर्ध्या तासात त्यांनी पहिले दोन बाक आणि विभागप्रमुख नापास केले होते.

त्यातून योजना तयार झाली. बेशरम मुळापासून काढायची, जिथं जुन्या वनस्पती अजून टिकून आहेत त्या तलावांतून रोपं आणायची आणि आबाजी सांगतील तिथं लावायची. हात आमच्या बायांचे आणि विद्यार्थ्यांचे, खर्च विद्यापीठाचा. आमच्या मोहल्ल्यात इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

फक्त एक कागद राहिला होता. ज्याच्याकडून ही माहिती मिळाली त्याचं नाव आणि त्याची सही. विद्यापीठाचा हा नियम मला फार आवडला होता. गावचं ज्ञान गावाच्या नावानं नोंदलं जावं, म्हणून तो केलेला.

आबाजी सही करेनात.

एकदा म्हणाले, चष्मा घरी राहिला. चष्मा आणून दिला तर म्हणाले, आज मंगळवार आहे. बुधवारी त्यांचा अंगठा दुखत होता. मी म्हटलं, "अंगठा कायले पाहिजे, तुम्हाले सही येते ना!" तर म्हणाले, "सहीतही अंगठा लागते, पोरी. पेन काय करंगळीनं धरू?" असा महिना गेला. बाबा म्हणाले, "बुढा सटकला." माय दिवसाआड विचारायची, "झाली का वं सही?" कागद सोमवारी पोचला नाही तर या वर्षीची लावणी हुकणार होती, आणि माझा प्रबंधही.

रविवारी दुपारी मी पाळीवर गेले आणि त्यांच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला. "काहून अडवून राहिले आबाजी? तलाव तुम्हालेच नाही पाहिजे का?"

त्यांनी पायाजवळचं गवत उपटलं. मग म्हणाले, "खोटी सही कशी करू?"

"खोटी?"

"मी जाळ्यावाला माणूस. डोंग्यात बसून खोल पाण्यात जाणारा. काठावरचं हे घासफूस मले काय मालूम? हे सारं बायांचं काम. हे सारं तिचं होय."

ती म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या वर्षी ती खाटेवरून उठत नव्हती. आबाजी सांगत होते, "रोज सकारी मले म्हणे, जा, तलावात काय काय उरलं ते घेऊन या. मी मूठभर आणो. ती हातात घेऊन नाव सांगे. कोणती कोठी उगवते, कोणत्या मासोळीले लागते, सारं सांगे. मी आयके. एवढीच माही शाळा. मंग मूठ लहान लहान होत गेली. आखरीले तर ती मांगे थे भेटे नाही, मी रिकाम्या हातानं पाळीवरच बसून राहो. घरी जाऊन तिले काय सांगू?"

मी फॉर्म मांडीवर घेतला. "मग तिचंच नाव टाकू, आबाजी. वर तिचं, खाली तुमचं."

"मेलेल्या माणसाचं चालते?"

"चालवीन मी. मॅडमशी बोलते. सांगा नाव."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मलाही तिचं नाव ठाऊक नाही. सारं गाव तिला दादूची माय म्हणायचं. आबाजी तर तिला नुसतं "आयकलं का" एवढंच म्हणायचे. त्यांच्या पिढीत बायकोचं नाव तोंडानं घेत नाहीत.

"घ्याच लागते का?" त्यांनी विचारलं.

"फॉर्म आहे, आबाजी."

"जुन्या मतदार यादीत पाहून घे ना."

"ग्रामपंचायत बंद आहे. रविवार होय आज."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. दूर पाळीच्या टोकाला म्हशी होत्या, त्यांच्याकडं पाहिलं. आसपास कुणी नाही याची खात्री केली. मग माझ्याकडं पाठ करून, पाण्याकडं तोंड करून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"भागरता."

मला नीट ऐकू आलं होतं. कागदावर लिहूनही झालं होतं. तरी मी म्हटलं, "आबाजी, पुन्हा एकदा सांगा."