अर्ध्या मिलिमीटरची भीती

"टू-स्ट्रोक म्हणजे टू-स्ट्रोक. स्कूटर काय आणि स्नोमोबिल काय, आत पिस्टनच ना?" ऑगस्टमध्ये ऑफिसच्या कँटीनमध्ये परीक्षित हे बोलून गेला आणि तिथेच त्याचे सुखाचे दिवस संपले.

नाशिकला वडिलांची स्कूटर उघडली की मेकॅनिकला टॉर्च दाखवायचा, एवढंच खरं याचं कर्तृत्व. पण समोर मॅनेजर ग्रॅहम सासऱ्याच्या स्नोमोबिलचं, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या स्कूटरचं, रडगाणं गात बसला होता. नोव्हेंबरअखेर संपणारा व्हिसा वाढवायचा तर ग्रॅहमच्या सहीचं पत्र लागणार होतं. अशा माणसासमोर आपले लोक खरं बोलत नाहीत, लाळ गाळतात. परीक्षितने तर बादली भरली.

ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला ग्रॅहम इंग्लंडातल्या रीडिंग गावी परीक्षितच्या भाड्याच्या घरासमोर गाडी लावून उभा! डिकीत जुन्या स्नोमोबिलचं इंजिन. स्कॉटलंडात अ‍ॅव्हिमोरच्या वर त्याच्या सासऱ्याचं मेंढ्यांचं फार्म. बर्फ पडला की म्हातारा या गाडीवरून चारा घालत हिंडायचा. तीस वर्षांचं इंजिन, दोन सिलिंडर, एका पिस्टनची खालची कड तुटलेली. घाई नाही, बर्फ पडायच्या आत झालं की झालं, असं ग्रॅहम म्हणाला. निवेदिताला, म्हणजे परीक्षितच्या बायकोला, ते साधं वाक्य वाटलं. परीक्षितला त्यात धमकी ऐकू आली.

इंजिन खोलणं व्हिडिओ बघून जमलं. घोळ झाला पिस्टन निवडताना. वेबसाइटवर त्या एका मॉडेलला तीन पिस्टन होते: मूळ मापाचा, पाव मिलिमीटर मोठा आणि अर्धा मिलिमीटर मोठा. सिलिंडर झिजला की तो आतून घासून रुंद करतात, मग त्याला मोठा पिस्टन लागतो. हा सिलिंडर कधी घासला होता का? ग्रॅहमला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं, आणि आठ सर्टिफिकेटं भिंतीवर लावलेल्या माणसाला ते कसं जमणार?

त्याने कॅलिपर मागवला आणि जुन्या पिस्टनचा माथा मापला. साडेसदुसष्ट मिलिमीटर. वेबसाइटवर मूळ मापही साडेसदुसष्ट. तंतोतंत! पिस्टनवर काजळीचा जाड थर होता, पण तो त्याने घासला नाही. साहेबाची वस्तू, ओरखडा उठला तर?

पार्ट्सचं दुकान लीड्सला होतं. तिकडची माणसं कुणालाही लव्ह म्हणतात. फोनवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "वर मापलंस की खाली, लव्ह?"

"सगळीकडे," परीक्षित म्हणाला.

नवे पिस्टन आले. एक सिलिंडरमध्ये सोडला तर रिकाम्या डब्यात चमचा पडावा तसा वाजला. निवेदिता स्वयंपाकघरातून आली.

"अरे, हलतोय की हा."

"गरम झाला की फुगतो तो."

"इतका?"

त्या एका शब्दाने परीक्षितची झोप उडाली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो वाचत बसला. ढिला पिस्टन आधी खडखडतो, मग फुटतो. पुढचं त्याला पाठ झालं होतं: डोंगरावर बंद पडलेली गाडी, उणे बारा तापमान, एक्याऐंशी वर्षांचा गोठलेला म्हातारा, वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर, काळा टाय लावलेला ग्रॅहम आणि श्रेडरमध्ये जाणारं आपलं पत्र. ग्रॅहम दिसला की तो फायर एक्झिटच्या जिन्याने पळायचा. ग्रॅहम मग मुद्दाम त्याच्या डेस्कशी यायचा, बिस्किटं ठेवून जायचा, तब्येत विचारायचा. कापायच्या बोकडाला हार घालतात तसं परीक्षितला वाटायचं.

ऑक्टोबरात ग्रॅहमचा मेसेज आला. वरच्या डोंगरांवर बर्फाचा अंदाज आहे, शनिवारी इंजिन न्यायला येतो.

बुधवारी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा. दरवर्षी यांच्याकडे पाटावर लॅपटॉप, मिक्सर आणि तळहाताएवढा स्क्रू-ड्रायव्हरचा सेट बसायचा. निवेदिता म्हणाली, यंदा घरात खरं यंत्र आहे तर तेच मांडू. आणि काळाकुट्ट पिस्टन देवासमोर ठेवायचा कसा, म्हणून तिने दोन्ही जुने पिस्टन चिंच-मीठ लावून समईसारखे घासले.

"परीक्षित, यावर पॉइंट पाच कोरलंय. दोन्हीवर."

म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठे! त्याने तसाच लीड्सला फोन लावला.

लीड्सच्या म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे वरच मापलंस." पिस्टनचा माथा जास्त तापतो, जास्त फुगतो, म्हणून तो आधीच बारीक ठेवलेला असतो, माप खालच्या घेराचं घ्यायचं असतं, हे त्याने शांतपणे समजावलं. अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन गुरुवारी आले, शुक्रवारी बसले. वाजले नाहीत. निवेदिताने राहिलेली पूजा उरकली आणि सिलिंडरवर कुंकवाचं बोट टेकवलं.

शनिवारी ग्रॅहम आला. इंजिन उचलायला तो वाकला आणि परीक्षितच्या डोळ्यांसमोर पुन्हा ते हेलिकॉप्टर आलं. त्याचा धीर सुटला. त्याने सगळं ओकलं: मी मेकॅनिक नाही, फक्त टॉर्च धरलाय, पहिले पिस्टन चुकीचे मागवले होते, हे बरोबर आहेत पण चालवण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखव.

ग्रॅहमचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "हे माझ्या सासऱ्याला सांगू नकोस. इंजिन मी स्वतः दुरुस्त करतोय असं त्याला सांगितलंय. बावीस वर्षांत त्याने मला फाटकाशिवाय कशाला हात लावू दिलेला नाही."

मग त्याने कोटाच्या खिशातून चुरगळलेलं पाकीट काढलं. व्हिसाचं पत्र. सही केल्याची तारीख चार सप्टेंबर.

"आधीच द्यायचं होतं," तो बुटांकडे बघत म्हणाला. "पण मला वाटलं, हे हातात पडलं की तू इंजिन अर्धवट सोडशील."

सात आठवडे! सात आठवडे फायर एक्झिटचे जिने झिजवले, आणि पत्र याच्या खिशात! परीक्षितच्या ओठांवर नाशिकच्या दोन-तीन अस्सल शिव्या आल्या.

"थँक यू," तो म्हणाला.

"आणि हा लाल ठिपका कसला?" ग्रॅहमने विचारलं.

"सेटिंग मार्क," परीक्षितच्या तोंडून आपसूक गेलं. "पुसू नकोस."

जानेवारीत ग्रॅहमचा मेसेज आला. लीड्सच्या दुकानात दाखवूनच इंजिन वर नेलं, झकास पळतंय, म्हातारा खूश. फक्त परवा त्याच्या कोटाला घासून सेटिंग मार्क पुसला गेला आणि तेव्हापासून तो गाडी चालूच करायला तयार नाही. तो लाल रंग नेमका कुठला, आणि किती लावायचा?

निवेदिता हसत उठली आणि लंडनच्या वेम्बलीहून आणलेली कुंकवाची पुडी घेऊन आली. खरं काय ते सांगून टाक ना आता, असंही म्हणाली.

परीक्षितने मुकाट्याने पाकिटावर अ‍ॅव्हिमोरचा पत्ता लिहिला. खरं बोलायची हिंमत त्याच्याकडे एकदाच होती, ती ऑक्टोबरातच संपली होती.