संघपालचा उजवा हात

"हात नाई चालून राह्यला वो माहा," कूलरसमोर चटईवर पडल्या पडल्या संघपालने बायकोला, रंजीताला, सांगितले. तिथेच चूक झाली.

त्याला म्हणायचे होते ते निराळेच. माजरीच्या वसाहतीत राहणारा हा माणूस कोळसा खाणीत हजेरी मांडायचा आणि सुट्टीच्या दिवशी चित्रे काढायचा. एप्रिलमध्ये जयंतीच्या बैठकीत अंगात उत्साह संचारला आणि त्याने स्वतःच उठून सांगितले, "विहाराच्या भिंतीवर बोधिवृक्ष मी काढून देतो." आता बुद्धपौर्णिमा अकरा दिवसांवर आली तरी भिंतीवर होते एक खोड आणि सात पाने. खाणीत दोनशे नावे लिहिताना हात झरझर चाले. भिंतीसमोर उभा राहिला की तोच हात थकल्या बैलासारखा बसकण मारी. असे का व्हावे, याचे त्याचे त्यालाच मोठे कुतूहल होते. मोबाईलवर आळस घालवण्याचे वीस उपाय त्याने पाहायला घेतले. चौथ्या उपायाला झोप लागली.

कुंपणापलीकडे शेजारच्या सोनीबाईंनी कान टवकारले. "हात नाई चालत? कोनता गा?"

"उजवाच ना, बाई."

अर्ध्या तासात लटारूभाऊ हजर झाले. वसाहतीत मालिश करावी तर त्यांनीच. काखेत त्यांनी एक जिवंत कबुतर आणले होते, कारण लकव्यावर कबुतरासारखा उपाय नाही म्हणतात.

"तोंड वाकडं झालं का? शिट्टी वाजवून दाखव."

"भाऊ, मले लकवा नाई झाला! हात चालते. पन चालत नाई."

"आइकलं?" लटारूभाऊ रंजीताला हळूच म्हणाले. "बोलनंही बिघडलं."

रंजीताला सगळे कळत होते. तिने हसू दाबत कबुतर तेवढे सोडवले. तेल मात्र चुकले नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत करंजाचे तेल चोळून लटारूभाऊंनी हात गळ्यात बांधून टाकला.

संघपाल ती पट्टी सोडणारच होता, तेवढ्यात विहार समितीच्या अध्यक्ष नीलिमाबाई आल्या. "भाऊ, जीव महत्त्वाचा. भिंतीचं टेन्शन नोका घेऊ." हे ऐकले आणि त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो काही बोललाच नाही. गप्प बसणे हेही खोटेच, पण करायला सोपे.

दोन दिवस त्याने हक्काची रजा टाकून गाढ झोप काढली. तिसऱ्या दिवशी पडल्या पडल्या खिडकीतून बस थांब्यावरच्या पिंपळाकडे पाहता पाहता बोटे शिवशिवायला लागली. आता कोणी वाट पाहत नव्हते, तर आताच का? तो विचारातच होता आणि नीलिमाबाईंचा फोन आला.

"भाऊ, चंद्रपूरवरून फ्लेक्स आनून राह्यलो. छापील पिंपळ. तुमचं खोड झाकून जाते."

संघपाल ताडकन उठून बसला. बारीकसे, सात पानांचे, पण झाड त्याचे होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो विहारात गेला. पट्टीतून हात काढून ब्रश धरला, तोच दारात झाडू घेऊन सोनीबाई! त्याने उजवा हात झटकन पट्टीत कोंबला आणि ब्रश डाव्या हातात घेतला.

"काय करून राह्यला गा?"

"डाव्या हातानं जमते का पाहून राह्यलो, बाई."

पाहतो म्हटल्यावर करणे आले. पहिले पान तिरके गेले. दुसऱ्याचे टोक भलतीकडेच वळले. डाव्या हाताकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती, त्याची स्वतःचीही नव्हती. त्यामुळे तो हात सुटला तो सुटलाच. सोनीबाई झाडू टेकवून पाहत राहिल्या. "हे पान हालून राह्यलं ना गा!"

मग रोज पहाटे हेच चालले. संघपालला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. झाड भरले, फ्लेक्स रद्द झाला.

पौर्णिमेला वंदना झाल्यावर नीलिमाबाईंनी माईक हाती घेतला. "उजवा हात गेला, पन मानूस खचला नाई!" टाळ्या कडाडल्या. संघपालला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो उठला.

"लोकहो, माह्या उजव्या हाताले काईच नोव्हतं झालं." त्याने पट्टी सोडून पाचही बोटे नाचवून दाखवली आणि शिव्या खायची तयारी ठेवली.

"पाहा माह्या तेलाचा गुन!" मागून लटारूभाऊ ओरडले. टाळ्या दुप्पट झाल्या.

खरे बोलूनही खपेना, तेव्हा तो नीलिमाबाईंच्या जवळ गेला आणि सगळे सांगून टाकले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "म्हंजे दोन्ही हात चालतात? मंग पुढच्या साली मागची भिंत तुमचीच."

त्याचे दोन्ही खांदे एकदम उतरले. क्षणभर तो झाडाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "काढतो, बाई. पन मी काढून राह्यलो हे कोनालेच सांगू नोका. कोनी वाट पाह्यली का मले भेव लागते. कोनी पाहत नसलं का मस्त जमते."

नीलिमाबाईंनी हातातल्या माईककडे पाहिले. तो चालूच होता.

मांडवातली दीडशे माणसे एका सुरात म्हणाली, "नाई सांगत, भाऊ!"