साळवीकाकांच्या चिमुरड्या

रोडपालीत आमच्या बिल्डिंगखाली हिराबाई भाजी घेऊन बसते. तिच्याकडचे चांगले बटाटे बाजूला सारून फक्त किडके निवडून घेणारं एकच गिऱ्हाईक मी पाहिलंय. साळवीकाका. बटाटा चष्म्याला लागेल इतका जवळ धरायचे आणि त्याच्या डोळ्यापाशी काळपट भुसा दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा.

"आमी फेकून देतो तं यो बाबा पिशवीत हळूच ठेवतं," हिराबाई मला म्हणाली. "जसा काय हापूस हाय."

मी तेव्हा त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नुकताच राहायला आलो होतो. पहिल्याच भेटीत त्यांनी नोकरीची चौकशी केली. मी सांगितलं, "जासईला, कंटेनर यार्डात. बाहेर जाणाऱ्या मालाला गॅस देऊन त्यातले किडे मारतात, त्याची कागदपत्रं मी बघतो."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. खाटकाशी ओळख झाल्यासारखं. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार वगैरे नाही. एकच प्रश्न, "आज किती मारले?"

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. बेडरूममध्ये एसी चालू, आणि पलंगाच्या जागी रॅक. रॅकवर वाळू घातलेले ट्रे, त्यात बटाटे, शेजारी मलमलीने तोंड बांधलेल्या काचेच्या बरण्या. काका स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली सतरंजीवर झोपायचे. "त्यांना पंचवीस-सव्वीस डिग्री लागतं," ते म्हणाले. "मला काय, मी कोकणातला."

काका घाटावरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मदतनीस होते. तिथे आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. बटाट्यावर एक करड्या रंगाची पाकोळी अंडी घालते. अळी बटाट्यात शिरते आणि आतून बोगदे पाडते. शेतात पाडते, साठवलेल्या ढिगातही पाडते. तिच्यावर उतारा म्हणजे गांधीलमाशीची एक चिमुकली बहीण. तिळाहून लहान, माणसाला डंखही न करणारी. ती पाकोळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. पाकोळीची अळी जन्मते, खाते, फुगते आणि वाळून कडक होते. मग तिच्यातून पाकोळी नाही, तीस-चाळीस माश्या बाहेर पडतात.

"एका अंड्यातून?"

"एका अंड्यातून. तुमचा गॅस करील का असं?"

निवृत्त होताना त्यांनी साहेबांची परवानगी काढून एक बरणी घरी आणली होती. तेव्हापासून पिढी तुटू दिली नव्हती. माश्यांना जगवायचं तर पाकोळ्या जगवायला हव्यात आणि पाकोळ्या जगवायच्या तर बटाटे हवेत. त्यामुळे काका पुतण्याच्या लग्नाला गेले नाहीत, काशीला गेले नाहीत. "मारणं सोपं असतं हो," ते म्हणायचे. "वेळेवर जेवायला घालणं कठीण."

एकदा सोसायटीने नोटीस लावली. शनिवारी सगळ्या घरांत झुरळांची फवारणी, कोणीही दार बंद ठेवू नये. काका नोटीस हातात घेऊनच माझ्याकडे आले.

"वास नुसता जिन्यातून आला तरी संपल्या," ते म्हणाले. "पाकोळ्या परत मिळतील. या माश्या नाही मिळायच्या."

मी सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, "त्या बरण्यांमुळेच तर फवारणी ठेवलीय."

शेवटी शनिवारी सकाळी अकरा बरण्या आणि चार ट्रे माझ्या गाडीत घातले आणि एसी लावून जासईला निघालो. यार्डातल्या माझ्या केबिनशिवाय दुसरी एसी जागा मला माहीत नव्हती. काका मांडीवर दोन बरण्या घेऊन बसले होते. यार्डाच्या गेटवर त्यांना हेल्मेट घालावं लागलं. त्या दिवशी गॅसचं काम नव्हतं, हे मी तीनदा सांगितलं, तरी दिवसभर ते माझ्या केबिनच्या खिडकीतून कंटेनरकडे डोळे लावून बसले. सोमवारी बरण्या परत गेल्या. दोन बरण्यांतल्या माश्या दगावल्या होत्या. काकांनी त्या दिवशी मला "आज किती मारले?" विचारलं नाही. उलट चहाला बोलावलं.

महिन्यातून एकदा काका पोटात माश्या असलेल्या वाळक्या अळ्यांची छोटी डबी बांधून पनवेल स्टँडवर जायचे आणि घाटावर जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचे. ती डबी गेनभाऊंसाठी असायची. प्रयोगशाळेच्या माश्या सगळ्यात आधी आपल्या बटाट्यात सोडू देणारा हा शेतकरी. बाकीचे हसत होते तेव्हा याने वावर दिलं, असं काका अभिमानाने सांगत.

गेल्या पावसाळ्यात काका तापाने आठवडाभर हॉस्पिटलात होते. बरण्यांचं दाणापाणी माझ्याकडे आलं. कळल्यावर गेनभाऊ भेटायला आले. पांढरं धोतर, टोपी, पायात काळे बूट. हॉस्पिटलच्या खाली चहा घेताना मी विचारलं, "यंदा बटाटा कसा आहे?"

गेनभाऊंनी कप खाली ठेवला. "बटाटा कुठला, साहेब. पाणी आलं तसा पोरांनी ऊस लावला. चार वर्सं झाली."

"मग डबी?"

"शेजाऱ्याच्या वावरात नेऊन सोडतो. वाया नाय घालवत. पर साळवींना बोलू नका. त्यांचा जीव हाय त्याच्यात."

मी कबूल झालो. काका घरी आले, आणि पंधरा दिवसांनी डबी बांधायला बसले. बोटांत अजून ताकद नव्हती, दोरा सुटत होता. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काका, एखादा महिना नाही पाठवली तर चालणार नाही का?"

"तिथे ऊस आहे म्हणून?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तो पूर्वी फोनवर आधी बटाट्याचं बोलायचा," काका म्हणाले. "मग नुसतं 'माश्या पोचल्या' म्हणायला लागला. मी आयुष्यभर किडक्यांतून निरोगी वेगळं केलंय. एवढं नाही कळणार?"

"मग पाठवता कशाला?"

त्यांनी दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं. गाठीवर बोट ठेवायला सांगितलं.

"पोचल्या एवढं सांगायला तो फोन करतो. पण मग ठेवत नाही. नातवाचं सांगतो, गुडघ्याचं सांगतो. घरात त्याचं ऐकायला कोणी नाही." गाठ बसली. काका उरलेला दोरा कापत म्हणाले, "इथे तरी कोण आहे."

त्या दिवशी डबी घेऊन मीच स्टँडवर गेलो. कंडक्टरने ती उलटसुलट केली, कानाशी धरून हलवली.

"आत काय आहे?"

"औषध आहे," मी म्हणालो. "म्हातारं माणूस वाट बघतंय, सांभाळून न्या."