फाइल कुणाची?

बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात सकाळी अकराला लेबलं निघायची थांबली आणि मॅनेजर कावेरीअक्का त्रिविक्रमच्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. तिथले सगळे कॉम्प्युटर तो एकटाच सांभाळायचा.

"लॉरी दाराशी उभी आहे रे. लेबलाशिवाय माल भरू कसा?"

"स्वल्प थांबा, अक्का. 'कॉन्फिग' नावाच्या सेटिंगच्या फाइलीत गडबड आहे. ती कुठल्या पॅकेजनं, म्हणजे कुठल्या प्रोग्रामनं टाकली, तेवढं शोधतो."

"कुणी टाकली म्हणजे? तूच ना?"

"मी पॅकेज टाकलं. पॅकेजनं फाइल टाकली."

अक्कांना हे मुळीच पटलं नाही. पण पायथनचं प्रत्येक पॅकेज आपण आणलेल्या फाइलींची यादी मागे ठेवतं, म्हणून त्रिविक्रम एकेक यादी चाळू लागला. लेबलाच्या पॅकेजच्या यादीत फाइल सापडली. त्याने हुश्श केलं. मग कालच टाकलेल्या हजेरीच्या पॅकेजच्या यादीतही तीच सापडली. तेच नाव, तीच जागा.

"अक्का, ही फाइल दोघांची आहे. हजेरीची आली ती लेबलाच्या फाइलीवरच बसली."

"मग उठव तिला!"

त्याने हजेरीचं पॅकेज काढून टाकलं. जाताना ते फाइलही घेऊन गेलं. लेबलं तरीही बंदच.

"आता कुणाची आहे?"

"आता कुणाचीच नाही," त्रिविक्रम घाम पुसत म्हणाला.

शेवटी त्याने आधी हजेरी टाकली आणि तिच्यावर लेबल पुन्हा टाकलं. दोन्ही बिनतक्रार सुरू झाली. हजेरी कशी काय चालतेय ते त्याला कळेना, पण लेबलं भराभर निघाली, लॉरी यशवंतपूरकडे गेली आणि अक्का "सरी, ठीक" म्हणाल्या.

पाचला घरी निघताना फिटर परसूने हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवलं. शेजारी लेबलाचं मशीन खटकन वाजलं. त्याच्यामागून पॅकिंगमधल्या सुलभाने बोट टेकवलं. पुन्हा खटकन.

त्रिविक्रम धावत आला. हजेरी आता लेबलाच्या फाइलीवरून चालली होती. पट्टीवर छापलं होतं : परसू. नग एक. तपासणी पूर्ण. पास.

"द्या इकडे, आत्ता दुरुस्त करतो!"

परसूने लेबल काढलं, वाचलं आणि शर्टाच्या खिशावर नीट चिकटवलं.

"ऱ्हाऊ दे की, सर. बावीस वर्षं झाली हितं. पास कुणी म्हटलं न्हवतं."

त्रिविक्रमने मान वर केली. यंत्रापुढे रांग लागली होती आणि तिसऱ्या नंबरवर अक्का उभ्या होत्या.