दाणी सरांचा लसूण

दाणी सर लसूण खात नाहीत. त्यांच्या घरात तो कधी शिजलाच नाही म्हणे. तरी सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सरांच्या आधी लसणाचा वास आत येतो.

"आला ठेचा," भट्टीवरचा आमचा बाळूदादा म्हणतो.

मी गोंदियाकडचा. इथं नवा होतो तेव्हा एकदा न राहवून सरांनाच विचारलं, आणि विचारताच जीभ चावली. सर मात्र खूश.

"टेल्युरियम," ते म्हणाले. "चांदीसारखी चमकती पूड. कणभर अंगात गेली तरी कितीतरी दिवस श्वासाला लसूण येतो."

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. आमचे शेठ त्यांचे विद्यार्थी. आम्ही गिअर न् पिना भट्टीत तापवून कडक करतो. कोपऱ्यातली एक जुनी, लहान भट्टी शेठनी सरांना देऊन टाकली आहे. तिच्यात कडक काचेच्या बंद नळीत सर लोखंड आणि टेल्युरियमचे स्फटिक वाढवतात.

मी आठवीत शाळा सोडली. सरांचं बोलणं हिवाळ्यातल्या भट्टीसारखं नुसतं ऊब द्यायचं, कळायचं थोडंच. पण एक गोष्ट त्यांनी मला नीट समजावली.

"पंगत बसलीय समज. लोखंड आणि टेल्युरियम. पण लोखंड आपल्या चुंबकी हट्टात अडकलेलं. मग काही टेल्युरियम उठवायचे आणि त्यांच्या पाटावर सेलेनियम बसवायचं. ते अंगानं बारीक. पंगत जरा आवळते, हट्ट सुटतो. मग तो स्फटिक अतोनात थंड केला की वीज त्यातून कुठंही न अडखळता वाहते. अतिवाहक." इथं सरांनी आवाज खाली आणला. "आणि लोखंडाच्या जागी चिमूटभर तांबं बसव. खेळ खलास. तेव्हा पाहायचं काय? कोणाच्या जागी कोण."

हे त्यांचं पालुपद. कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याला त्यांनी निम्म्या मटकीच्या जागी चवळी घालायला लावली होती. "सर, गिऱ्हाईक मारंल मला," तो म्हणत होता. सरांनी शांतपणे ताट संपवलं आणि खिशातल्या वहीत लिहिलं : अतिवाहक नाही.

मी आलो तोच बदली म्हणून. माझ्या आधीचा माणूस गावी गेला तो परत आलाच नाही. सर म्हणाले, "तू आमचं सेलेनियम." तेव्हापासून बाळूदादा हाक मारतो, "ए शेलेनियम, चिमटा आण." सगळे हसतात, मीही हसतो. कोणी आपल्याला नाव देऊन हाक मारतं, हेही परक्या गावात कमी नाही. पण मनात एकच घोर असायचा. मी तांबं निघालो तर?

सरांची भट्टी एकदा तापली की तासाला दोन-तीन अंशांनी उतरते. असे आठ-दहा दिवस. सर स्टूल घेऊन तिच्यासमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून. बघायला काही नसतं, फटीतून नुसता नारिंगी उजेड.

"काय पाहून राहिले जी?" मी एकदा विचारलं.

"बसतायत एकेक आपापल्या जागेवर. गडबड करायची नाही."

मग मीही बघायचो. त्या उजेडात मला आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दिसायची, ओळीत वाकलेली माणसं दिसायची, आणि कुठंतरी माझीही जागा.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी सर पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. माझी नजर त्यांच्या भट्टीच्या मीटरवर गेली. आकडा खूपच उतरला होता. तो मुद्दामच उतरवतात हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आमच्या धंद्यात आकडा उतरला म्हणजे भट्टी तापवणारी कॉइल गेली, माल वाया गेला. सरांचे उपकार फेडायची वेळ आली असं वाटलं. मी बटण दाबून भट्टी पार वर चढवली आणि पहारा देत उभा राहिलो.

सर आले. मी अभिमानानं सांगितलं. सर मीटरपाशी वाकले. मग हळूच म्हणाले, "सहा दिवसांचे स्फटिक. वितळले पुन्हा."

"मी तांबं निघालो जी, सर. शेठला सांगा. मी जातो गावी."

सर स्टुलावर टेकले. "म्हणजे नवी नळी भरायची. पहिल्यापासून. दहा दिवस पुन्हा रोज यावं लागणार." सुट्टी वाढवून मिळालेल्या पोरासारखा आवाज होता तो. "तू कशाला जायचं? घरी तरी मला काय काम असतं? आमची ही, सुमन, होती तेव्हा दारातच अडवायची. लसूण येतोय, आधी गॅलरीत बसा, मग घरात या. तास-तास बसवायची. आता मी सरळ आत जातो."

पुढच्या सोमवारी नव्या नळीत पूड भरून सर आले. वास त्यांच्या आधी आला. मी चिमटा खाली ठेवला.

"सर, लसूण येऊन राहिला जी. आधी बाहेर बाकावर बसा, मग आत या."

बाळूदादानं चमकून माझ्याकडं पाहिलं. सर उंबऱ्यातच थबकले.

"काय म्हणालास?"

मी पुन्हा म्हटलं.

सर निमूट वळले आणि बाहेर उन्हात, बाकावर जाऊन बसले. तासाभरानं दारातून त्यांचं डोकं आत आलं.

"येऊ का आता?"

मी वास घेतल्यासारखं केलं. "अजून थोडं जी."

"बरं," म्हणाले, आणि पुन्हा जाऊन बसले.